फॉर्मवर ‘मराठी’च लिहा : अमेरिकेतल्या सरकारी शाळेत मुलांना मिळणारी इंग्रजीची मदत

अमेरिकेत येऊन आम्हाला नऊ दिवस झाले होते. न्यूजर्सीतल्या भाड्याच्या घरात जेवणाचं टेबल अजून आलं नव्हतं, म्हणून शाळाप्रवेशाचे कागद मी सूटकेस आडवी टाकून तिच्यावर भरत बसले होते. नाव, जन्मतारीख, पत्ता, लसी असं सगळं झाल्यावर एक वेगळं पान निघालं. त्यावर तीनच प्रश्न होते. मूल पहिल्यांदा बोलायला लागलं ते कोणत्या भाषेत? घरात जास्त करून कोणती भाषा बोलतात? मूल स्वतः जास्त कोणती भाषा बोलतं? तिन्हींचं खरं उत्तर मराठी. मी तिन्ही ठिकाणी ‘इंग्लिश’ लिहिलं.

आदल्या रात्रीच ओळखीच्या एका वहिनींनी फोनवर बजावलं होतं, “मराठी लिहू नकोस हं. लगेच ईएसएलमध्ये टाकतात, मग पोरगं मागेच राहतं.” ईएसएल म्हणजे इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या मुलांसाठीचा इंग्रजीचा वेगळा तास. माझा मुलगा पुण्यात इंग्रजी माध्यमात दुसरी पूर्ण करून आला होता, वर्गात पहिल्या पाचांत असायचा. त्याला उगाच वेगळं का बसवायचं, असं मला वाटलं. त्या एका शब्दापायी माझ्या लेकराने जवळजवळ चार महिने वर्गात मुकाट बसून काढले. तेव्हापासून नव्याने आलेल्या कितीतरी मराठी घरांत हेच पान भरायला मी शेजारी बसले आहे, आणि प्रत्येक घरात तीच भीती पाहिली आहे. म्हणून हे सगळं एकदा नीट, सोप्या भाषेत लिहायचं ठरवलं.

ते तीन प्रश्न कशासाठी असतात

या पानाला ‘होम लँग्वेज सर्व्हे’ म्हणतात. सरकारी शाळेत पहिल्यांदा नाव घालणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांना ते भरावं लागतं. मूल भारतातून आलेलं असो की तिथल्याच दवाखान्यात जन्मलेलं. प्रश्नांची संख्या राज्याप्रमाणे बदलते, कॅलिफोर्नियात ते चार आहेत, पण रोख तोच. घरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा आहे असं दिसलं, की मुलाचं इंग्रजी तपासायचं आणि गरज असेल तर मदत द्यायची, हे शाळेचं काम होतं. म्हणजे ‘मराठी’ लिहिल्याने मूल कुठेही ‘टाकलं’ जात नाही. फक्त त्याची एक तपासणी होते.

हे काम शाळा मेहरबानी म्हणून करत नाही, आणि त्यामागची गोष्ट आपल्याला माहीत असायला हवी. १९७०च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांत चिनी घरांतली सुमारे १८०० मुलं अशी होती, की ज्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि इंग्रजीसाठी वेगळी मदतही मिळत नव्हती. ती वर्गात बसायची, फळ्याकडे बघायची आणि घरी जायची. पालक कोर्टात गेले. शाळाखात्याचं म्हणणं होतं की आम्ही सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक देतो, मग भेदभाव कुठे झाला? १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की ज्या मुलाला भाषाच कळत नाही, त्याच्या हातात सगळ्यांसारखं पुस्तक दिलं म्हणून त्याला समान वागणूक मिळाली असं होत नाही. हा ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ खटला. त्याला आधार होता १९६४च्या नागरी हक्क कायद्याचा. निकालाच्याच वर्षी, १९७४ मध्ये, अमेरिकन संसदेने वेगळा कायदा करून भाषेची अडचण दूर करण्यासाठी पावलं उचलणं शाळांवर बंधनकारक केलं.

पुढे १९८१ मध्ये टेक्सासमधल्या एका खटल्यात, ‘कास्टान्येडा विरुद्ध पिकार्ड’मध्ये, अपील न्यायालयाने शाळेची मदत खरी की नावापुरती हे ओळखण्याची कसोटी सांगितली. पद्धत जाणकारांनी मानलेली हवी, ती राबवायला पुरेसे शिक्षक आणि साधनं हवीत, आणि काही काळाने मुलांना खरंच इंग्रजी येऊ लागलं का हे तपासून, येत नसेल तर पद्धत बदलायला हवी. आजही शाळेशी बोलताना हे तीन मुद्दे डोक्यात ठेवले तर पालकाला नेमका प्रश्न विचारता येतो.

ही मुलं थोडीथोडकी नाहीत. २०२१ च्या शरद ऋतूत अमेरिकेच्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकणारे म्हणून नोंदलेले सुमारे ५३ लाख विद्यार्थी होते, म्हणजे दहातला एक. त्यांतल्या साधारण तीन चतुर्थांश मुलांच्या घरची भाषा स्पॅनिश. मराठी मुलं त्यात मूठभर, त्यामुळे मराठी बोलणारी शिक्षिका भेटेल अशी आशा धरू नका. ही मदत इंग्रजीतूनच मिळेल हे गृहीत धरा.

आता भीतीचा दुसरा भाग. हे पान व्हिसाच्या फाइलला जोडलं जातं का? नाही. त्यावर व्हिसाचा प्रश्नच नसतो. मुलाचा इमिग्रेशनचा दर्जा काहीही असला तरी सरकारी शाळेचं मोफत शिक्षण नाकारता येत नाही, हे १९८२ मध्ये ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून टाकलं आहे. सोशल सिक्युरिटी नंबर नाही म्हणून एच-फोरवरच्या, म्हणजे आई किंवा वडिलांच्या नोकरीच्या व्हिसामुळे आलेल्या मुलाचा प्रवेश अडत नाही. १ मार्च २०२५ ला राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा झाली, तेव्हा अनेकांनी मला विचारलं, “आता ईएसएल बंद का?” शाळांवरचं बंधन संसदेच्या कायद्यांतून आणि कोर्टाच्या निकालांतून आलेलं आहे, ते अशा आदेशाने पुसलं जात नाही.

इंग्रजी माध्यमातलं मूल आणि तीन क्वार्टर

“आमचा तर इंग्लिश मीडियमचा आहे” हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल, आणि मीही ते म्हटलं आहे. त्यातली गफलत मला एका गणिताच्या कागदाने दाखवली.

शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. दप्तरातून एक कागद निघाला, त्यावर लाल गोल. प्रश्न साधा होता : सॅमकडे तीन क्वार्टर आणि दोन डाइम आहेत, तर एकूण किती? माझ्या मुलाने उत्तर लिहिलं होतं पाऊण, अपूर्णांकात, तीन छेद चार. मी विचारलं, तर म्हणाला, “आई, क्वार्टर म्हणजे पाव ना? आजोबांनी शिकवलंय. तीन पाव म्हणजे पाऊण. डाइम काय ते मला नाही माहीत, म्हणून सोडून दिलं.” क्वार्टर म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, डाइम म्हणजे दहाचं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पंचाण्णव सेंट हे उत्तर त्याला तोंडी दोन सेकंदांत आलं असतं. शिक्षिकेच्या दृष्टीने मात्र घरात इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला नाणी मोजता येत नव्हती, कारण मी तसं लिहून दिलं होतं.

असे शब्द पावलोपावली येतात. आपला फुलस्टॉप तिथे पीरियड, आपलं रबर तिथे इरेझर, झेड तिथे झी. वजाबाकीत आपण हातचा घेतो त्याला तिथल्या बाई रीग्रुपिंग म्हणतात. सामाजिक शास्त्रात पिलग्रिम, काउंटी, कॉलनी. आणि हे सगळं वेगळ्या उच्चारात, वेगात, मध्येच एखादी कोपरखळी मारत. पुण्यातल्या वर्गात इंग्रजी पुस्तकात होतं, पण प्रश्न समजला नाही की बाई मराठीत सांगायच्या, मधल्या सुट्टीत तर सगळी मराठीच. माझा मुलगा वाचायला चांगला होता, ऐकताना मात्र हरवायचा. लघवीला जायचं कसं विचारायचं हे न कळल्याने तो पहिला आठवडा दुपारपर्यंत थांबून राहायचा, हे मला फार उशिरा कळलं. त्याला ‘टॉयलेट’ माहीत होतं, बाकीची मुलं ‘रेस्टरूम’ म्हणायची, आणि आपण वेगळा शब्द बोललो तर हसतील म्हणून तो गप्प.

नोव्हेंबरच्या पालकभेटीत शिक्षिका म्हणाल्या, मुलगा फार शांत आणि नम्र आहे. मग थोडं थांबून त्यांनी हळूच विचारलं, “घरी तुम्ही नक्की कोणती भाषा बोलता?” मी खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी तिथेच ईएसएलच्या शिक्षिकेला चिठ्ठी लिहिली आणि मुलाची तपासणी झाली. फॉर्म चुकीचा भरला असेल तर तो पुढेही दुरुस्त करता येतो, आणि शिक्षकांना शंका आली तर शाळा मुलाला नंतरही तपासू शकते. माझ्यासारखी चूक कोणी केली असेल तर शाळेला एक ईमेल पाठवा, तेवढं पुरतं.

तपासणीत काय असतं

बहुसंख्य राज्यं ‘विडा’ नावाच्या गटाची परीक्षा वापरतात. तिचं काम विस्कॉन्सिन विद्यापीठातून, मॅडिसनहून चालतं. न्यूजर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना ही आपली माणसं जास्त असलेली राज्यं त्यात आहेत. कॅलिफोर्नियाची परीक्षा वेगळी, तिचं नाव ‘एलपॅक’. टेक्सास आणि न्यूयॉर्कच्याही आपापल्या आहेत. नावं वेगळी असली तरी सगळीकडे चार गोष्टी पाहतात : ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं.

नापास-पास असं त्यात काही नसतं. विडाची पट्टी १ ते ६ अशी आहे. १ म्हणजे मूल चित्र आणि एकेक शब्द यांच्या आधाराने समजून घेतं, ३ च्या आसपास ते वाक्यं जुळवतं पण चुका होतात, ५-६ म्हणजे वयाच्या मुलांसोबत चालू शकतं. ठरावीक पातळीच्या वर निघालं तर विषय संपला, मूल नेहमीच्या वर्गात, कसलीही वेगळी नोंद नाही. इंग्रजी माध्यमातली बरीच मराठी मुलं अशी सुटतात. पातळीच्या खाली निघालं तर मदत सुरू.

मोठ्या मुलांना कानाला हेडफोन लावून संगणकाशी बोलावं लागतं. आपली मुलं याला बुजतात, आणि ‘मला नाही येत’ म्हणून एका शब्दात उत्तर देतात. घरी आधी दोनदा फोनवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ऐकवा, तेवढ्याने धीर येतो. शिकवणी मात्र लावू नका. पढवून गुण वाढवले तर जी मदत हवी तीच हातची जाईल. बालवर्गातल्या म्हणजे किंडरगार्टनच्या मुलाची तपासणी शिक्षिका समोर बसवून चित्रं दाखवत करतात. इथेच जन्मलेलं, पण आजी-आजोबांच्या मांडीवर मराठीत वाढलेलं मूल या टप्प्यावर ईएसएलमध्ये येतं, तेव्हा आई-बापांना धक्का बसतो. त्यात वाईट काहीच नाही. अशी बरीच मुलं एक-दोन वर्षांत बाहेर पडताना मी पाहिली आहेत.

पत्र येतं ते फाडू नका

तपासणीनंतर शाळेने पालकांना लेखी कळवायचं असतं. वर्षाच्या सुरुवातीलाच प्रवेश घेतला असेल तर शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत, मध्येच आला असाल तर मूल कार्यक्रमात घेतल्यापासून दोन आठवड्यांत. २०१५ च्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स’ कायद्यात हे आहे. पत्रात मुलाची पातळी, ती कशी ठरवली, कोणता कार्यक्रम दिला, त्यातून बाहेर कसं पडायचं आणि तुम्हाला नको असेल तर नाही म्हणायचा हक्क, हे सगळं असायला हवं. पत्र जाड आणि रटाळ असतं, पण ते जपून ठेवा. पुढे गाव बदललंत तर नव्या शाळेला हाच कागद दाखवायचा असतो.

त्यातले शब्द गोंधळात टाकतात. ईएल, ईएलएल म्हणजे इंग्रजी शिकणारा विद्यार्थी. न्यूजर्सीत हल्ली एमएल म्हणतात, मल्टिलिंग्वल लर्नर. टेक्सासमध्ये ईबी, इमर्जंट बायलिंग्वल. ही मुलाची ओळख. ईएसएल हा त्याला मिळणारा तास. न्यूयॉर्कमध्ये त्याच तासाला ईएनएल म्हणतात.

तासाच्या तऱ्हाही वेगवेगळ्या. बहुतेक मराठी मुलांच्या वाट्याला येतो तो साधा प्रकार : रोज किंवा आठवड्यातून काही वेळा ईएसएलच्या शिक्षिका पाच-सहा मुलांना वेगळ्या खोलीत नेतात, किंवा त्याच नेहमीच्या वर्गात येऊन मुलाशेजारी बसतात. काही शाळांत विषयशिक्षकच सोप्या इंग्रजीत, चित्रं आणि शब्दसूची देऊन विज्ञान-गणित शिकवतात. द्विभाषिक वर्ग हा वेगळा प्रकार. न्यूजर्सीत एका शाळाजिल्ह्यात, म्हणजे एकाच कारभाराखालच्या गावातल्या शाळांत मिळून, एकाच भाषेची अशी २० मुलं झाली की द्विभाषिक शिक्षणाची सोय करणं जिल्ह्यावर येतं. इलिनॉयमध्ये हा आकडा एका शाळेपुरता मोजतात, तर टेक्सासमध्ये जिल्ह्यातल्या एका इयत्तेपुरता. व्यवहारात याचा फायदा मुख्यतः स्पॅनिश मुलांना होतो.

माझ्या मुलाची शिक्षिका उंच, पांढऱ्या केसांची बाई होती. पहिल्या दिवशी तिने स्वयंपाकघराचं चित्र पुढे ठेवलं आणि म्हणाली, तुझ्या घरचं स्वयंपाकघर सांग. चार महिने गप्प असलेला हा मुलगा कुकरवर बोलायला लागला. वरणाला तीन शिट्या, बटाट्याला चार, आई शिट्या मोजायला त्याला सांगते, एकदा तो विसरला आणि भाताचा गोळा झाला. बाईंनी त्याच्याकडून ‘प्रेशर’, ‘स्टीम’, ‘व्हिसल’ हे शब्द लिहून घेतले आणि दोन दिवसांनी त्याच शब्दांवरून विज्ञानातल्या वाफेच्या धड्याकडे नेलं. तो कागद आमच्या फ्रिजवर वर्षभर होता. मागे पडणं म्हणतात ते हे असतं, असं मला वहिनींना सांगावंसं वाटलं.

मदतीला नाही म्हणता येतं, तो तुमचा हक्क आहे. टेक्सासमध्ये तर कार्यक्रमासाठी पालकांची संमती लागते. पण नाही म्हटलं तरी मुलाची नोंद पुसली जात नाही, बाहेर पडण्याइतकं इंग्रजी येईपर्यंत दरवर्षीची परीक्षा द्यावीच लागते, फक्त तासाचा आधार जातो. हा व्यवहार मला कधीच पटला नाही. निदान शिक्षिकेला एकदा भेटा, मुलाला कोणत्या तासातून बाहेर नेणार ते विचारा. गणिताच्या नव्या धड्यातून रोज उठवत असतील तर वेळ बदलायला सांगा. तसं सांगणाऱ्या पालकांचं शाळा ऐकते. या मदतीला फी नसते. ईएसएलमध्ये आहे म्हणून गिफ्टेड वर्ग, बँड, सहल किंवा खेळाच्या संघातून मुलाला वगळता येत नाही. हुशार मुलांच्या चाचणीला बसवायचं नाही असं कोणी म्हणालं, तर कारण लेखी मागा.

आई-वडिलांना इंग्रजी नीट येत नसेल तर दुभाष्या मागण्याचाही हक्क आहे, अगदी फोनवरचा मराठी दुभाष्याही चालतो. सासूबाई नातवाला घ्यायला शाळेत जातात, तेव्हा निरोप नातवाकडूनच सांगवतात हे मी पाहिलंय. त्या मुलाबद्दलची गंभीर गोष्ट त्याच्याच तोंडून भाषांतर करून घेणं योग्य नाही, आणि तसं करू नये अशीच शाळांची जबाबदारी आहे.

भाषा येत नाही आणि शिकता येत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी

नवी मुलं काही आठवडे, कधी काही महिने बोलतच नाहीत. ती ऐकत असतात, साठवत असतात. हा काळ नेहमीचा आहे. या काळात कोणी ‘स्पेशल एज्युकेशनची (म्हणजे शिकण्यातच अडचण असलेल्या मुलांच्या मदतीसाठीची) तपासणी करू या’ म्हणालं तर घाबरून सही करू नका आणि चिडून नाहीही म्हणू नका. एकच विचारा : मराठीत याची तपासणी झाली का? जे मूल मराठीत गोष्ट नीट सांगतं, आजीशी भांडतं, सूचना पाळतं, त्याची अडचण इंग्रजीची आहे. जे मराठीतही अडतं, ज्याच्याबद्दल पुण्यातल्या बाईंनीही काही म्हटलं होतं, त्याची तपासणी जरूर करून घ्या, इंग्रजी येईपर्यंत थांबा असं शाळा म्हणाली तरी. दोन्ही मदती एकाच वेळी मिळू शकतात.

येण्याआधी भारतातच करायचं ते

कागदांत तीन गोष्टी लागतात : वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि लसींची नोंद. पत्त्यासाठी भाडेकरार आणि विजेचं किंवा गॅसचं बिल चालतं. नातेवाइकांकडे उतरला असाल तर त्यांचं प्रतिज्ञापत्र लागतं, त्याचा नमुना जिल्ह्याच्या कार्यालयात मिळतो. इयत्ता वयावर ठरते, त्यामुळे ‘आमची दुसरी झाली, तिसरीतच घ्या’ असा हट्ट चालेलच असं नाही.

खरी अडचण लसींची होते. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची एमआर लस असते, अमेरिकेतल्या शाळा एमएमआर मागतात, म्हणजे गालगुंडाचीही. कांजिण्यांची लस सरकारी यादीत नसते, खासगी बालरोगतज्ज्ञांकडे घेतली असेल तरच असते. निघण्याआधी डॉक्टरांकडून तारखांसह छापील इंग्रजी नोंद करून घ्या, राहिलेले डोस पुण्यात-कोल्हापुरातच घेऊन टाका. आणखी एक. आपल्या मुलांना जन्मतः बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावर टोचून केलेली टीबीची चाचणी सुजून येऊ शकते आणि मग एक्स-रेची धावपळ होते. अशा वेळी रक्ताची चाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

नववी ते बारावीत येणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी आणि अवघड आहे. तिथे हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी विषयवार क्रेडिट, म्हणजे तो विषय पुरा केल्याच्या नोंदी लागतात. भारतातल्या प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका, शिक्का मारलेली, सोबत आणलीच पाहिजे, नाहीतर शिकलेलं पुन्हा शिकावं लागतं. पंधरा-सोळाव्या वर्षी आलेल्या मुलाला एकाच वेळी इंग्रजी आणि जीवशास्त्र दोन्ही उचलायचं असतं, त्याच्यासाठी समुपदेशकाला पहिल्याच आठवड्यात भेटा आणि ईएसएलचा तास इंग्रजी विषयाचं क्रेडिट म्हणून धरला जातो का ते विचारा. वेळ कमी पडत असेल तर न्यूयॉर्कसारख्या राज्यात २१ व्या वर्षापर्यंत सरकारी शाळेत शिकता येतं. घाईने कमी दर्जाचा मार्ग धरण्यापेक्षा एक वर्ष जास्त गेलेलं बरं, असं मी माझ्या भाच्याच्या वेळी अनुभवलंय.

फाडफाड बोलतो, तरी का सोडत नाहीत

हा प्रश्न दुसऱ्या वर्षी हमखास येतो. विडा वापरणाऱ्या राज्यांत हिवाळ्यात वार्षिक परीक्षा होते. तिच्या एकूण गुणांत वाचनाला ३५ टक्के आणि लेखनाला ३५ टक्के वजन आहे, ऐकणं आणि बोलणं प्रत्येकी १५ टक्के. म्हणजे मैदानावर अमेरिकन मुलांसारखं बोलणारं मूलही लेखनात अडकलं तर आत राहतं. न्यूजर्सीत अनेक वर्षं ४.५ ही बाहेर पडण्याची रेघ राहिली, इतर राज्यांच्या रेघा वेगळ्या.

यामागे कारण आहे. कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हा फरक मांडला : गप्पांची भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा, म्हणजे ‘तुलना करा’, ‘कारण द्या’, ‘यावरून काय निष्कर्ष निघतो’ ही, यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. म्हणून घरी बोलण्यापेक्षा लिहिण्यावर वेळ द्या. रोज पाच ओळी. चुका लाल शाईने सुधारू नका. बाहेर पडल्यावरही किमान दोन वर्षं शाळा मुलावर लक्ष ठेवते, आणि घसरण दिसली तर मदत पुन्हा सुरू करता येते.

आणि कृपा करून घरातली मराठी बंद करू नका. शिक्षकांनी सांगितलं म्हणून मोडक्या इंग्रजीत मुलांशी बोलणारे आई-बाप मी पाहिले, ते बघून पोटात तुटतं. ज्या मुलाला मराठीत ‘कारण’ सांगता येतं त्याला इंग्रजीत फक्त शब्द हवा असतो. झोपताना गोष्ट मराठीतच वाचा. जवळ बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेली मराठी शाळा असेल तर रविवारी तिथे पाठवा. पुढे हायस्कूल संपताना इंग्रजीसोबत दुसरी भाषा उत्तम येणाऱ्यांना ‘सील ऑफ बायलिटरसी’ मिळतो, कॅलिफोर्नियात २०११ च्या कायद्याने सुरू झालेला हा मान आता जवळजवळ सगळ्या राज्यांत आहे. मराठीची चाचणी कशी घेतात ते जिल्ह्याकडे नववीतच विचारून ठेवा.

शाळा ऐकत नसेल तर तोंडी तक्रार करत बसू नका. शिक्षिका, मग जिल्ह्याचे ईएसएल समन्वयक, मग राज्याचं शिक्षण खातं, अशा पायरीने ईमेल लिहा, प्रत्येक पत्रात मुलाचं नाव, परीक्षेची तारीख आणि एकच नेमकी मागणी ठेवा. माझ्या अनुभवात दुसऱ्या पायरीच्या वर क्वचितच जावं लागतं.

नव्या मुलाच्या घरी गेले की फॉर्म भरून झाल्यावर मी आणखी एक काम करते. कार्डाच्या कागदाचा तळहाताएवढा तुकडा घेते आणि त्यावर मुलाकडूनच, त्याच्या अक्षरात, चार वाक्यं लिहून घेते. मला रेस्टरूमला जायचं आहे. मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का. हे हळू बोलाल का. मी नवीन आहे. वरती इंग्रजी, खाली मराठी. तोंडातून शब्द फुटला नाही तर नुसतं कार्ड दाखव, असं सांगते. गेल्या सप्टेंबरात सांगलीहून आलेल्या सहा वर्षांच्या एका मुलीने ते पॅन्टच्या खिशात ठेवलं, दोनदा बाहेर काढून पाहिलं, आणि मग आईला म्हणाली, “हे धुवायला टाकू नकोस हं.”